शोधनिबंध लिहिताना संदर्भ नेमके कसे द्यायचे? (विषय: १८७५चे दख्खनचे दंगे)

मुग्धा_दौंड

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करते आहे, दूरशिक्षणातून. या सत्रात तीन हजार शब्दांचा निबंध द्यायचाय, मराठीत चालतो. विषय मीच निवडला, १८७५चे दख्खनचे दंगे. सुपं आमच्यापासून फार लांब नाही. १२ मे १८७५ला आसपासच्या गावांतली कुणबी मंडळी तिथे जमली, सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि मिळाले ते जाळले. लहानपणापासून त्या बाजारपेठेतून जातेय, पण हे मला पदवीला आल्यावर कळलं. म्हणून हाच विषय घ्यायचा असं मनात होतं.

साहित्य बऱ्यापैकी जमलंय. रविंदर कुमारांचं एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतावरचं पुस्तक (१९६८), नील चार्ल्सवर्थ यांचा 'मॉडर्न एशियन स्टडीज'मधला १९७२चा लेख, दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी कमिशनच्या अहवालाची स्कॅन प्रत, महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि बारावीचं एनसीईआरटीचं पुस्तक. वाचून वहीभर टिपणं काढली आहेत.

अडलंय ते लिहिण्यापाशी. शाळा-कॉलेजात निबंध म्हणजे प्रस्तावना, कारणे, घटनाक्रम, परिणाम, समारोप. इथेही तेच करायचं का? संदर्भ तळटिपेत द्यायचे की कंसात? विभागाच्या पत्रकात फक्त 'मान्य पद्धतीने संदर्भ द्यावेत' एवढंच म्हटलंय. फुल्यांचं साल १८८३ लिहायचं की माझ्या हातातल्या पुस्तकाचं? आणि चार्ल्सवर्थचं वाक्य मी मराठीत आणलं तर ते अवतरणचिन्हात घालायचं का?

पंतोजी

मुग्धाताई, विषय उत्तम निवडलात. संदर्भांचं इतर लोक सांगतीलच, मी आधी रचनेबद्दल लिहितो, कारण रचना बसली की संदर्भ कुठे लागतात ते आपोआप दिसायला लागतं.

कारणे-घटना-परिणाम हा साचा परीक्षेतल्या दहा मार्कांच्या उत्तरासाठी ठीक आहे. तीन हजार शब्दांत तो वापरलात तर तुमचं पाठ्यपुस्तक जरा मोठं होऊन कागदावर उतरेल, त्यापलीकडे काही नाही. शोधनिबंधाला एक प्रश्न लागतो, आणि तोही असा की दोन जाणकार माणसं त्याची वेगवेगळी उत्तरं देतील. तुमच्या विषयात असा प्रश्न आयता आहे. कमिशनला मुद्दाम सांगितलं होतं की सरकारी साऱ्याचं ओझं दंग्याला कारणीभूत आहे का ते तपासा. कमिशनने मुख्य दोष सावकारी व्यवहारावर ठेवला. थोडक्यात, सरकारने नेमलेल्या मंडळाने सरकारला बरंचसं मोकळं केलं. रविंदर कुमार या घटनेकडे कुणबी आणि वाणी यांच्यातले जुने संबंध नव्या कायद्यांमुळे आणि रयतवारीमुळे (सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीमुळे) विसकटले या नजरेतून पाहतात. चार्ल्सवर्थ तर लेखाच्या शीर्षकातच दंग्यांना 'मिथक' म्हणतात. त्यांच्या मते त्यांचं महत्त्व नंतर फुगवलं गेलं. आणि फुले? ते सावकाराला सोडत नाहीत, पण सरकारी नोकरीतली भटशाही आणि गोरे अधिकारी यांनाही सोडत नाहीत. म्हणजे एकाच घटनेच्या चार वाटा झाल्या.

आता तुमचा प्रश्न असा होऊ शकतो: 'साऱ्याच्या फेरआकारणीचा वाटा कमिशनच्या अहवालात दुय्यम का ठरला?' किंवा 'दंगे छोटे होते हे चार्ल्सवर्थचं म्हणणं मान्य केलं, तरी १८७९चा शेतकरी मदत कायदा का आला?' यातला एकच घ्या. दोन्ही घेतलेत तर तीन हजार शब्द पुरणार नाहीत.

आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. आपल्याकडे निष्कर्ष शेवटपर्यंत राखून ठेवायची सवय असते. तपासणाऱ्याला मात्र पहिल्या पानावर कळायला हवं की तुमचं म्हणणं काय आहे. पुढची सगळी पानं ते कशाच्या आधारावर आहे हे दाखवायला.

एक उदाहरण देतो. असा परिच्छेद मी वह्यांत खूप वाचलेला आहे:

'ब्रिटिशांच्या जाचक धोरणांमुळे शेतकरी हवालदिल झाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. सावकारांनी शेतकऱ्यांना लुबाडले. त्यामुळे दंगे झाले.'

यात ढोबळमानाने खोटं काही नाही. पण कोण म्हणतंय, कशावरून, आणि लिहिणारीचं स्वतःचं काय मत आहे, तिन्हींचा पत्ता नाही. हाच मजकूर असा लिहिता येतो:

'१८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवी युद्धाने आलेली कापसाची तेजी ओसरली तेव्हा सावकारांनी नवी कर्जं देण्यात हात आखडता घेतला. याच सुमारास, १८६७पासून, इंदापूर तालुक्यात साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली होती. कमिशनने भर दिला तो कर्जाच्या व्यवहारावर (येथे अहवालाचा संदर्भ). पण कमिशनचेच सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी फेरआकारणीवर टीका करणारं स्वतंत्र टिपण लिहिलं होतं (येथे टिपणाचा संदर्भ). म्हणजे मतभेद कमिशनच्या आतच होता, आणि पाठ्यपुस्तकांत तो दिसत नाही.'

शेवटचं वाक्य लिहिणारीचं आहे, म्हणून त्याला संदर्भ नाही. कापसाच्या तेजीला नाही दिला तरी चालेल, ते सर्वमान्य आहे. कमिशनचा भर कशावर होता आणि कॉल्विनने काय लिहिलं, ही दोन विधानं मात्र संदर्भाशिवाय उभी राहूच शकत नाहीत.

ग्रंथपाल_सातारा

पंतोजींच्या प्रतिसादाला मनापासून दाद. कॉल्विनचं टिपण बहुतेक विद्यार्थी उघडतच नाहीत.

मी फुल्यांच्या सालाचं सांगतो, कारण आमच्या टेबलावर हा प्रश्न फार येतो. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३मध्ये लिहिला गेला. तुमच्या हातात जे आहे ते बहुधा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' असेल. आता त्याचं मुद्रणपृष्ठ, म्हणजे आतल्या शीर्षकपानाच्या मागची बाजू, नीट बघा. पहिली आवृत्ती १९६९ची, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली. नंतर १९९१ला य. दि. फडके यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती आली. दोन्हींत पान क्रमांक जुळत नाहीत. नुसतं 'समग्र वाङ्मय, पृ. अमुक' लिहिलंत आणि वाचणाऱ्याकडे दुसरी आवृत्ती असली, तर ते पान उघडून त्याला भलताच मजकूर दिसेल. म्हणून आवृत्ती लिहिणं सक्तीचं समजा.

मजकुरात दोन्ही सालं द्यायची: (फुले, १८८३/१९९१, पृ. …). पहिलं साल वाचकाला काळ सांगतं, दुसरं पुस्तक शोधायला उपयोगी पडतं. शेवटच्या सूचीत असं:

फुले, जोतीराव. (१९९१). शेतकऱ्याचा असूड. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. …–…). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ लेखन १८८३)

नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा यांपैकी जे तुमच्या प्रतीच्या शीर्षकपानावर छापलंय तेच सूचीत. मजकुरात तुम्हाला हवं ते वापरा, पण एकच धरून चला.

अजून एक, आणि हे अगदी याच विषयातलं आहे. अहवालाच्या शीर्षकात 'पूना' आणि 'अहमदनगर' आहे. २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं म्हणून शीर्षकातलं नाव बदलायचं नाही, शीर्षक छापलंय तसंच ठेवायचं. मजकुरातही त्या काळचं नाव वापरा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आताचा अहिल्यानगर जिल्हा' एवढं म्हणा.

रानवाटा

तळटीप की कंस, यावर माझं मत स्पष्ट आहे: इतिहासाला तळटीपच. कंसातली पद्धत समाजशास्त्र, मानसशास्त्र यांसाठी सोयीची, कारण तिथे अमुक संशोधन कोणत्या वर्षीचं आहे याला महत्त्व असतं. इतिहासात तुम्ही कलेक्टरचं पत्र, वर्तमानपत्राचा अंक, कोर्टातला जबाब असं काहीबाही उद्धृत करणार. ते सगळं कंसात कोंबलं की वाक्याचा दम जातो. तळटिपेत शिवाय दोन ओळी भाष्य करता येतं, 'हा आकडा दुसऱ्या एका ठिकाणी वेगळा दिला आहे' वगैरे.

पंतोजी

रानवाटा, तत्त्वतः सहमत. पण विभागात बाकी सगळे एपीए, म्हणजे कंसात लेखक आणि साल देण्याची पद्धत, वापरत असतील तर हिने एकटीने वेगळं करून उपयोग नाही. मुग्धाताई, मार्गदर्शकांना विचारा आणि ते सांगतील ते शेवटपर्यंत पाळा. अर्धा निबंध एका पद्धतीत आणि अर्धा दुसऱ्या, हे तपासणाऱ्याच्या डोळ्याला सगळ्यात आधी खटकतं.

तळटिपा वापरल्यात तर 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्या टिपेतलंच पुस्तक') जपून वापरा. लिहिताना परिच्छेद वरखाली हलतात, मधे नवी टीप घुसते आणि कालपर्यंत चार्ल्सवर्थकडे बोट दाखवणारं 'तत्रैव' आज फुल्यांकडे दाखवायला लागतं. तळटिपांसाठी वापरतात त्या शिकागो पद्धतीच्या २०१७च्या सतराव्या आवृत्तीनेही याऐवजी लघुसंदर्भ सुचवलाय, म्हणजे आडनाव, छोटं शीर्षक, पान: 'कुमार, वेस्टर्न इंडिया, पृ. …'. मराठी निबंधातही हेच करावं. 'तत्रैव' आणि 'उपरोक्त' यांनी चार शब्द वाचतात, पण वाचणाऱ्याला मागची चार पानं चाळावी लागतात.

सायली_पीएचडी

मला टिपणांबद्दल बोलायचंय, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. मुग्धा, वहीभर टिपणं काढलीस म्हणतेस. एकदा उघडून बघ, प्रत्येक टिपणासमोर पान क्रमांक आहे का? आणि कोणतं वाक्य पुस्तकातलं जसंच्या तसं आहे, कोणतं तुझ्या शब्दांत उतरवलेलं आणि कोणता तुझा स्वतःचा विचार, हे आज ओळखता येतंय का? महिन्याभराने येणार नाही. मी तीन रंगांची पेनं वापरते. निळ्याने मूळ वाक्य अवतरणचिन्हासकट, काळ्याने माझ्या शब्दांतला सारांश, हिरव्याने माझं मत. पान क्रमांक तिन्हींना. लोक समजतात वाङ्मयचौर्य म्हणजे मुद्दाम केलेली चोरी. पण अनेकदा ते असंच होतं, वहीतलं वाक्य आपलंच वाटून निबंधात उतरतं.

स्कॅन प्रतीतून वाचत असशील तर पीडीएफ दाखवते तो पान क्रमांक लिहू नकोस. मुखपृष्ठ, प्रस्तावना धरून तो मोजलेला असतो. पानावर छापलेला क्रमांक लिही. सरकारी अहवालात तर परिच्छेदांनाही क्रमांक असतात, असतील तिथे तेही लिही.

झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून घे. मोफत आहे, वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत चालतं. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेलं आहे, चांगलं मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. फक्त पुस्तकाची माहिती ते आपोआप ओढतं त्यावर विसंबू नकोस, एकेक नोंद हाताने तपास. मराठी पुस्तकांत तर संपादकाला लेखक करणं आणि 'य. दि.'चं आडनाव करणं हे नेहमीचंच.

नवखा_९९

एक शंका. सरळ चॅटबॉटला 'या विषयावरचे संदर्भ दे' सांगितलं की छान यादी येते, एपीएमध्ये बसवलेली. ती वापरावी का?

सायली_पीएचडी

वापरू नका. ती यादी छान दिसते हीच अडचण आहे. लेखक खरे असतात, नियतकालिक खरं असतं, आणि लेख मात्र कधी छापलाच गेलेला नसतो. जो लेख उघडून वाचला नाही तो सूचीत घालायचा नाही, मग तो यंत्राने सुचवलेला असो की मित्राने. शोधायला सुरुवात म्हणून विचारा हवं तर, पण प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या सूचीत किंवा नियतकालिकाच्या स्थळावर सापडलं तरच पुढे जा.

ओवी_लीड्स

भाषांतराच्या प्रश्नावर. मी इथे नेमकी उलटी कसरत करते, मराठी साधनं आणि निबंध इंग्रजीत. नियम दोन्हीकडे सारखाच आहे. चार्ल्सवर्थचं वाक्य तू मराठीत आणलंस तर ते शब्द तुझे झाले, विचार त्यांचा राहिला. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे अवतरणचिन्ह न घालता 'चार्ल्सवर्थ यांच्या मते…' असं तुझ्या वाक्यात सांगायचं आणि संदर्भ द्यायचा, पानासकट. नेमके शब्दच महत्त्वाचे असतील तर मराठी भाषांतर अवतरणात देऊन संदर्भाजवळ 'भाषांतर माझे' लिहायचं. सगळीच भाषांतरं तुझी असतील तर पहिल्याच टिपेत एकदा सांगून टाकायचं, पुन्हा पुन्हा नको.

मी जेव्हा 'असूड'मधला उतारा इंग्रजीत आणते तेव्हा मूळ मराठी तळटिपेत ठेवते. माझं भाषांतर चुकत असेल तर मराठी जाणणाऱ्या वाचकाला ते पकडता यावं.

एक गोष्ट इथे येऊन बदलली ती सांगते. आपल्याकडे थोरामोठ्यांचं वचन निबंधाच्या सुरुवातीला टाकायची पद्धत आहे, सजावटीसारखी. 'विद्येविना मति गेली' या ओळी किती निबंधांच्या, भाषणांच्या, कॅलेंडरांच्या डोक्यावर असतात! त्या 'असूड'च्या उपोद्घातातल्या आहेत, शेतकऱ्यांच्या दैन्याबद्दल लिहिताना आल्या आहेत, हे सांगणारा क्वचित भेटतो. तुझ्या निबंधात तर त्या अगदी जागच्या जागी येतील. पण वर चिकटवू नकोस. दंग्यांनंतर आठ वर्षांनी फुले शेतकऱ्याच्या दुःखाचं मूळ अविद्येत शोधतात आणि कमिशन ते कर्जात शोधतं, अशी तुलना करायला त्या वापर. उद्धृत केलेल्या मजकुराला काहीतरी काम हवं.

ग्रंथपाल_सातारा

ओवी, हे फार चांगलं सांगितलंत. त्याच धर्तीवर: त्या ओळी फॉरवर्डमधून उचलू नका, समग्र वाङ्मयातून उतरवा. फिरत्या पाठात शब्द बदललेले असतात. आणि जुनं लेखन जसं आहे तसं ठेवा. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या मजकुरात 'केलें', 'त्यांनीं' असे अनुस्वार भेटतील. अवतरणात ते पुसायचे नाहीत. प्रतीत सरळसरळ छपाईची चूक दिसली तर शब्दापुढे चौकटी कंसात 'मूळ लेखन' असं लिहायचं.

सुप्याचा_पाटील

मी सुप्याकडचाच. आमच्या आज्जीच्या माहेरी एक हकिकत सांगायचे, की रोखे जाळले त्या रात्री घरातली एक वही पेवात लपवली होती. लिखित काही नाही. अशी माहिती निबंधात चालते का? चालत असेल तर संदर्भ कसा देणार?

मुग्धा_दौंड

दादा, हे तर सोनंच आहे माझ्यासाठी! मला आज्जीशी बोलता येईल का?

सुप्याचा_पाटील

आज्जी आता नाहीत, पण त्यांचे धाकटे भाऊ आहेत. ऐकायला कमी येतं पण आठवण खणखणीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पंतोजी

चालते, आणि चांगली चालते. पण ती कशाचा पुरावा आहे ते डोक्यात पक्कं ठेवा. चार पिढ्यांनंतरची हकिकत १८७५मध्ये त्या घरात काय घडलं हे सिद्ध करत नाही. गावाने दंगा कसा लक्षात ठेवला हे ती दाखवते, आणि तोही इतिहासच आहे. चार्ल्सवर्थ ज्याला मिथक म्हणतात ते गावात कोणत्या रूपात जगलंय, असा एक परिच्छेद तुमच्या निबंधात आला तर तो दुसऱ्या कुणाकडे नसेल.

मुलाखत घेताना रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, नाव छापायचं का ते विचारा. नको म्हणाले तर 'सुपे येथील एक ज्येष्ठ शेतकरी' एवढंच लिहा. संदर्भात कोण सांगतंय, कोणी ऐकलं, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं हवं. शिकागो पद्धतीत हे तळटिपेत येतं. एपीएमध्ये अशा खाजगी संभाषणाचा उल्लेख फक्त मजकुरातल्या कंसात करतात, शेवटच्या सूचीत घालत नाहीत, कारण वाचकाला ते शोधून वाचता येत नाही. आणि प्रश्न विचारताना 'सावकार फार छळायचे ना?' असं विचारू नका. 'तुमच्याकडे काय सांगायचे?' असं विचारा आणि थांबा.

कोकणी_मेवा

त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांचं काय? 'ज्ञानप्रकाश' तेव्हा पुण्यातून निघत होतं. जुन्या अंकांवर आणि पुस्तकांवर शकाच्या तारखा असतात, त्या कशा लिहायच्या?

ग्रंथपाल_सातारा

छापलेली तारीख आधी, इसवी सन नंतर. शकात ७८ मिळवले की सन मिळतो. ज्ञानेश्वरीच्या 'शके बाराशतें बारोत्तरें'चे १२९० होतात ते असेच. पण शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. सुप्याचा दंगा शके १७९७च्या वैशाखात, म्हणजे १८७५. पण त्याच १७९७च्या माघातला अंक १८७६चा. ही चूक छापील पुस्तकांतसुद्धा दिसते. वर्तमानपत्राचं नाव, पूर्ण तारीख, पान, आणि अंक कुठे पाहिला ते ग्रंथालय, एवढं द्या. मायक्रोफिल्मवर पाहिला असेल तर तसं लिहा.

सायली_पीएचडी

मुग्धा, 'दुसऱ्यांच्या मजकुराशी किती टक्के साम्य चालतं' हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. पण हे प्रबंध, शोधलेख यांच्यासाठी आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, निबंध त्या व्याख्येतून वगळलेत. तुला तुझ्या विभागाचा नियम लागू.

आणि टक्का बघून निबंध चांगला की वाईट ते ठरत नाही. नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची साम्य मोजताना वगळायची असतात. दुसरीकडे, इंग्रजी पुस्तकातलं अख्खं पान मराठीत आणून संदर्भ गाळला तर सॉफ्टवेअर शून्य दाखवू शकतं, आणि ती तरीही चोरीच. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर तर सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही. युनिकोडमध्येच लिही.

सूची लावताना मराठी पुस्तकं वर्णानुक्रमे आधी, मग इंग्रजी, असे दोन भाग कर. वर्डने आपोआप लावलेला क्रम एकदा नजरेखालून घाल. 'ळ' आणि 'क्ष' तो आपल्या वर्णमालेप्रमाणे लावेलच असं नाही.

मुग्धा_दौंड

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी बोलले, तळटिपा चालतील म्हणाले, शिकागो. प्रश्नही ठरला: फेरआकारणीचा वाटा अहवालात दुय्यम का ठरला. पहिला परिच्छेद इथे टाकते, बघाल का?

'१८७५च्या दंग्यांची जबाबदारी कमिशनने मुख्यतः सावकारी व्यवहारावर टाकली. या निबंधात मी असे मांडते की हा निष्कर्ष कमिशनला विचारलेल्या प्रश्नातच दडलेला होता: सारा दंग्याचे कारण आहे का, असे विचारले गेले. सारा आणि कर्ज यांचा एकमेकांशी संबंध काय, असे विचारले गेले नाही. फुल्यांचा १८८३मधला मजकूर वाचला तर हा दुसरा प्रश्न त्या काळातही विचारता येत होता हे दिसते.'

अजून एक अडचण आहे. माझ्या स्कॅन प्रतीत कॉल्विनचं टिपण नाही, बहुतेक तो भाग वेगळा बांधलेला असावा. त्याबद्दल मी फक्त दुसऱ्या एका पुस्तकात वाचलंय. तळटिपेत कॉल्विनचं नाव देऊ का?

रानवाटा

परिच्छेद आवडला. तिसरं वाक्य जपा, अख्खा निबंध त्याच्यावर उभा राहणार आहे. 'मी मांडते' हेही राहू दे. 'असे मांडले जाते' असं करू नका.

पंतोजी

परिच्छेद उत्तम. फक्त कमिशनला नेमकं काय विचारलं होतं ते नेमणुकीच्या आदेशाच्या शब्दांत, संदर्भासह, पुढच्याच परिच्छेदात द्या. तुमचं सगळं म्हणणं त्या शब्दांवर टेकलेलं आहे, ते पाठ्यपुस्तकातून घेऊन चालणार नाही.

कॉल्विनबद्दल: जे वाचलं त्याचाच संदर्भ. तळटिपेत 'ऑकलंड कॉल्विन यांचे टिपण, अमुक पुस्तकात उद्धृत, पृ. …' असं लिहा आणि सूचीत फक्त ते पुस्तक घाला. पण हे टिपण तुमच्या निबंधात मोक्याच्या जागी आहे, तेव्हा मूळ मिळवायचा प्रयत्न कराच. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आधी विचारा.

ग्रंथपाल_सातारा

जाण्याआधी फोन करून बाहेरच्या वाचकाला काय कागदपत्रं लागतात ते विचारा, विभागाचं पत्र बहुधा मागतील. विचारताना 'कॉल्विनचं टिपण' असं विचारू नका, सूचीत ते स्वतंत्र नावाने नसेल. अहवालाचं पूर्ण इंग्रजी शीर्षक आणि १८७६ साल सांगा, आणि परिशिष्टांचे सगळे खंड बाहेर काढून मागा. पान सापडलं की फोटोत छापील क्रमांक येतोय ना ते तिथेच बघून घ्या.